बागेतली गार्डनर

ज्या पाटीमुळे पुढचा सगळा घोळ झाला, ती पाटी दिसायला मात्र देखणी होती. हिरव्या रंगावर पिवळी टपोरी अक्षरं, चारही कोपऱ्यांत वेलबुट्टी, आणि मधोमध लिहिलेलं: ‘गॅटलिंग गन. कृपया चढू नये.’

त्यातलं ‘कृपया चढू नये’ एवढंच काय ते बरोबर होतं.

सकाळच्या फेरीला निघालेले कर्नल त्या पाटीसमोर थबकले, त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं, आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मागून फिरायला येणारे दोघे त्यांना धडकले, पण कर्नलना त्याचं भान नव्हतं.

“गॅटलिंग?” ते मोठ्याने म्हणाले. “ही गॅटलिंग?”

धडकलेल्यांपैकी एक जण म्हणाला, “हो ना, नवीनच लावलीय पाटी. छान झाली.” कर्नलनी त्याच्याकडे अशा नजरेने बघितलं की तो माणूस त्या दिवसापासून बागेच्या दुसऱ्या बाजूने फिरायला लागला.

इथे एक सांगून टाकायला हवं. कर्नल सैन्यात कधीच नव्हते. त्यांची उभी नोकरी पाणीपुरवठा खात्यात नळांचे नकाशे काढण्यात गेली होती, आणि कुणी दार जोरात आपटलं तरी त्यांच्या हातातला चहा बशीत यायचा. पण खरी मशीनगन जगात येण्याच्या आधी भराभर गोळ्या झाडता याव्यात म्हणून माणसांनी जी जी अचाट यंत्रं बनवली, ती ओळखण्याचा त्यांना नाद होता. चौकोनी गोळ्या झाडायची सोय असलेली बंदूक, कॉफी दळायच्या यंत्रासारखी दिसणारी बंदूक, पंचवीस नळ्या एका पिंपात कोंबलेली बंदूक, अशा सगळ्यांचे फोटो त्यांनी जाड वहीत डकवले होते. धूसर फोटोत नुसती मूठ दिसली तरी ते बंदुकीचं नाव सांगत. कोणी विचारलं नाही तरी सांगत. जावई पहिल्यांदा घरी आला तेव्हा त्याला पोह्यासारखं काही मिळायच्या आधी ती वही मिळाली होती, आणि तो बिचारा अजूनही सासुरवाडीला येताना आधी फोन करून “बाबा झोपलेत का?” असं विचारून घेतो. गल्लीने त्यांना कर्नल म्हणायला सुरुवात केली ती थट्टेने. पण त्यांना ते नाव असं काही फिट्ट बसलं की पोस्टमनलाही खरं नाव आठवेना.

तर बागेतली ती बंदूक. ती तिथे कधीपासून होती कोणास ठाऊक, पण आजवर तिच्यापुढे पाटीच नव्हती, त्यामुळे कर्नलना तिचा काही त्रास नव्हता. येता-जाता तिच्याकडे बघून मनातल्या मनात “काय गार्डनरबाई, बरं आहे ना?” असं म्हणून ते पुढे जात. कारण ती गार्डनर होती. गॅटलिंगला नळ्यांचा जुडगा असतो आणि दांडा फिरवला की तो अख्खा जुडगा गरगर फिरतो. हिला शेजारी शेजारी दोन नळ्या, जिथल्या तिथे. फिरायचं नाव नाही. पितळी अंगरखा, आणि उजव्या अंगाला तुटलेल्या दांड्याचा खुंट. दुसरं काही असणं शक्य नव्हतं. तरी कोणीतरी सिनेमात एक बंदूक बघतो, तिचं नाव पाठ करतो, आणि मग दांडा दिसेल त्या प्रत्येक यंत्राला तेच नाव चिकटवतो! लग्नाच्या मांडवात दिसेल त्या पुरुषाला नवरदेव म्हणत सुटावं, तसला हा प्रकार.

पण कर्नल शिस्तीचे गृहस्थ. पुराव्याशिवाय बोलायचं नाही. नळीच्या आत आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या नागमोडी खाचा, आहेत का, हे एकदा खात्रीने बघितलं की मग आपण मोकळे, असं ठरवून ते गुडघ्यांवर बसले. आत अंधार होता. दिसत नाही ते हाताला लागतं, म्हणून त्यांनी करंगळी आत घातली.

आटे होते. कर्नलचा चेहरा उजळला. मग त्यांनी करंगळी बाहेर काढायला घेतली आणि चेहरा पुन्हा उतरला.

पुढचा सगळा वेळ कर्नल त्या बंदुकीसमोर गुडघे टेकून, एक हात पुढे केलेला, अशा अवस्थेत होते. लांबून बघणाऱ्याला वाटावं, बंदुकीला मागणी घालतायत. माणसं जमली. एक बाई म्हणाल्या, “आजोबा, पाटीवर लिहिलंय ना, चढू नये.”

“मी चढलोय का?” कर्नल कडाडले. “चढू नये लिहिलंय. बोट घालू नये असं लिहिलेलं नाही!”

“आता लिहितील,” कोणीतरी मागून म्हणालं.

शेवटी बागेचा माळी आला. सडपातळ, कमी बोलणारा, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला माणूस. त्याने गर्दीला मागे सारलं, खोपटातून साबण आणला, आणि म्हणाला, “साहेब, ओढू नका. जेवढं ओढाल तेवढं फुगेल. दुसरीकडे बघा.” कर्नल दुसरीकडे बघत राहिले, आणि माळ्याने लहान मुलाच्या हातातली बांगडी काढावी तशी करंगळी अलगद सोडवली. वर पाण्याची झारी आणून हात धुवून दिला. कर्नल एवढे अवघडले होते की त्यांच्या तोंडून आभारसुद्धा धड निघाले नाहीत. ते म्हणाले, “आटे आहेत.” माळी म्हणाला, “असू देत, साहेब.”

सुजलेली करंगळी घेऊन ते नाक्यावरच्या औषधवाल्याकडे गेले. औषधवाल्याने पट्टी बांधता बांधता सगळी हकीकत ऐकली आणि सल्ला दिला, “एवढं काय त्यात? पहाटे जायचं, हिरव्या रंगाचा एक हात मारायचा, पाटी पुसली. मी आमच्या शेजारच्या दुकानाची पुसली होती एकदा.”

घराच्या खाली राहणारे वकील जिन्यात भेटले. ते म्हणाले, “रंगबिंग काही नाही. कायदेशीर तक्रार करा. पण लक्षात ठेवा, एका वाक्यात करायची. दोन वाक्यं झाली की दोन खात्यांकडे जाते, आणि ती दोन खाती मग एकमेकांकडे बोट दाखवतात.” मग करंगळीकडे बघून म्हणाले, “तुमचं हे बोट मात्र दाखवू नका.”

घरी पत्नीने सगळं ऐकून घेतलं आणि कणीक मळता मळता एकच विचारलं, “त्या बंदुकीने काही तक्रार केलीय का?”

“तिला बोलता येत नाही म्हणूनच मला बोलायला हवं!”

“मग बोला. पण जेवून बोला.”

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून कर्नल महापालिकेच्या तक्रार खिडकीवर हजर झाले. खिडकीला जाड काच, काचेला मुठीएवढं भोक, आणि ते भोक नेमकं कमरेच्या उंचीवर. म्हणजे नागरिकाने तक्रार करायची तर आधी वाकायचं. कर्नल नाइलाजाने वाकले. आत एक कारकून संगणकासमोर बसला होता. त्याच्या डोक्यावरचा पंखा असा खडखडत होता की पलीकडच्या टेबलावरचे लोक खुणांनी बोलत होते.

“कुठल्या खात्याची?” कारकुनाने विचारलं.

“उद्यान. बागेत जी गार्डनर उभी आहे ना, तिच्याबद्दल.”

“तिच्या?” कारकून थांबला. “बागेत बाई नाहीये. पुरुष आहे. ‘तो’ करतो.”

कर्नलना वाटलं, हा इसम बंदुकीला पुल्लिंगी समजतोय. भाषेचा हा खून एरवी त्यांनी खपवून घेतला नसता, पण एका वेळी एकच लढाई लढावी म्हणून ते म्हणाले, “बरं, ‘तो’ तर ‘तो’. लिहा. बागेत उभा असलेला गार्डनर खोट्या नावाने उभा आहे.”

कारकुनाचे हात कळफलकावर थबकले. त्याने पहिल्यांदाच मान वर करून कर्नलकडे बघितलं. “खात्रीने सांगताय?”

“मी स्वतः तपासलाय.” कर्नलनी पट्टी बांधलेली करंगळी भोकातून आत दाखवली. “हा बघा पुरावा.”

“मारामारी झाली?”

“झालीच म्हणा. पण त्याचा दोष नाही. दोष त्याला खोटं नाव देऊन तिथे उभं करणाऱ्यांचा. आणि आमच्या डोळ्यांदेखत! रोज शेकडो लोक त्याच्यासमोरून जातात, कोणाला पत्ता नाही की हा तो नाहीच!”

“असतात हो असे प्रकार,” कारकून आवाज खाली आणून म्हणाला. त्याने तक्रार नोंदवली, वर ‘गंभीर’ असा शेरा मारला, आणि कर्नल निघाले तेव्हा चक्क उठून उभा राहिला. कर्नल एवढ्या समाधानाने बाहेर पडले की घरी जिन्यात भेटलेल्या वकिलांना त्यांनी न विचारता सांगितलं, “एका वाक्यात केली. प्रशासनात अजून समज असलेली माणसं आहेत.”

दोन-तीन दिवसांत मोबाइलवर निरोप आला: ‘आपल्या तक्रारीची गंभीर दखल घेण्यात आली असून चौकशी सुरू आहे.’ कर्नलनी तो औषधवाल्याला, वकिलांना आणि जावयाला वाचून दाखवला. जावयाने अभिनंदन केलं आणि रेंज गेल्याचं सांगून फोन ठेवला.

आणि मग एका दुपारी दारात माळी उभा.

डोक्याला टॉवेल नव्हता. तो आत यायला तयार नव्हता. पत्नीने आग्रह करून बसवलं तेव्हा खुर्चीच्या अगदी कडेला बसला, आणि खाली बघत म्हणाला, “साहेब, साबण लावून मी तुमचं बोट सोडवलं. आणि तुम्ही माझ्यावरच तक्रार केलीत.”

“तुझ्यावर? छे! मी गार्डनरवर केली.”

“मग मी कोण?”

  गार्डन, गार्डनर, ‘बाई नाहीये, पुरुष आहे’, ‘मारामारी झाली?’ सगळं एकदम कर्नलच्या डोळ्यांपुढे आलं. त्यांच्या पत्नीला ते त्यांच्या आधी उमगलं होतं. तिने कपाळाला हात लावला.

“अरे, पण हा तर नुसता गैरसमज आहे!” कर्नल उसळले. “ते गाढव कारकून! मी बंदुकीबद्दल बोलत होतो. तू कशाला घाबरतोस? तुझं नाव काय खोटं आहे?”

माळी खुर्चीच्या कडेवरून उठून उभा राहिला.

“बोल की.”

“साहेब,” तो म्हणाला, “मला वाटलं तुम्हाला कळलं. म्हणून तर आलो. मी म्हणजे मी नाही. माझा मोठा भाऊ आहे.”

“म्हणजे?”

“नोकरी त्याला लागली होती. रुजू व्हायच्या दिवशी तो बोटीवर खलाशी म्हणून निघून गेला. घरचे म्हणाले, तू चार दिवस त्याच्या जागी जा, तोवर येईल. तो आलाच नाही. ते चार दिवस अजून चाललेत. मुलं मोठी झाली त्यात. आता उद्यानाचे मोठे साहेब जुने कागद मागवतायत. त्यावर भावाचा फोटो आहे. त्याला मिश्या आहेत, मला येतच नाहीत.”

 कर्नलच्या डोक्यात संताप उसळत होता, पण तो कोणावर काढावा हे कळत नव्हतं. त्या बंदुकीचं खोटं नाव एकाही अधिकाऱ्याच्या लक्षात येत नाही, उलट तिला वेलबुट्टीची पाटी मिळते, आणि या गरिबाचं मात्र आठवड्याच्या आत चव्हाट्यावर! माणसाने करायचं काय?

“बाग कोण सांभाळतं?” पत्नीने मध्येच विचारलं.

“मीच, बाई.”

“मग झालं तर. रोपं काय नाव विचारून वाढतात?” ती कर्नलकडे वळली. “अहो, उद्या सकाळी जायचं आणि हे निस्तरून यायचं. आणि तिथे बंदुकांवर भाषण द्यायचं नाही.”

उद्यान अधीक्षकांचं कार्यालय बागेच्या मागच्या बाजूला होतं. टेबलावर प्लास्टिकची फुलं होती, हे कर्नलना मुद्दाम नमूद करावंसं वाटलं, पण ते गप्प बसले. माळी कोपऱ्यात उभा होता. अधीक्षकांनी आधी पाणी विचारलं, मग कौतुक केलं. “तुमच्यासारखे जागरूक नागरिक हवेत.”

“साहेब, गैरसमज झालाय,” कर्नल म्हणाले. “गार्डनर म्हणजे माळी नव्हे. गार्डनर हे बंदुकीचं नाव आहे. ती बाहेर उभी आहे ती.”

अधीक्षक हसले. “म्हणजे गार्डनमध्ये जी बंदूक आहे, तिचं नाव नेमकं गार्डनर?”

“हो.”

“आणि फाटकावर जी आहे तिचं नाव वॉचमन?”

“फाटकावर बंदूक नाहीये!”

“तेच म्हणतो मी.” अधीक्षकांचं हसू मावळलं. “हे बघा, माळ्याने तुम्हाला गाठून विनवण्या केल्या असतील. तुम्ही मवाळ मनाचे. पण असली थाप मारू नका. ती गॅटलिंग आहे. पाटीचा मजकूर मी स्वतः दिलाय.”

कर्नलच्या कानशिलांत घण पडायला लागले. सिनेमात बंदूक बघून नाव चिकटवणारा तो हाच! “साहेब, गॅटलिंगच्या नळ्या फिरतात! हिच्या फिरतात का? तुम्ही कधी फिरवून बघितल्यात का? दोन नळ्या आहेत, दोन! मोजता येतं ना आपल्याला?”

“ठीक आहे,” अधीक्षक शांतपणे म्हणाले, आणि शांत अधिकाऱ्यासारखा भयंकर प्राणी दुसरा नाही. “मग दोन्ही चौकश्या लावतो. पाटीचे कागद मागवतो, माळ्याचेही मागवतो. होऊन जाऊ दे दूध का दूध. नाहीतर तक्रार मागे घ्या. लिहून द्या की या बागेत जे कोणी आणि जे काही उभं आहे, ते आपापल्या खऱ्या नावानेच उभं आहे. मी फाइल बंद करतो.”

कर्नलनी कोपऱ्याकडे बघितलं. माळी आपल्या पायांच्या अंगठ्यांकडे बघत होता. त्याच्या नखांत ओली माती होती.

“जे कोणी लिहितो,” कर्नल कसंबसं म्हणाले. “‘जे काही’ वगळलं तर?”

“‘जे काही’ हवंच.”

कर्नलनी पेन घेतलं. लिहिलं. सही केली. जाड वहीतल्या एकेका बंदुकीची त्यांनी मनात क्षमा मागितली. पण अधीक्षकांचं तेवढ्याने समाधान होईना. पाटीवरून झालेला अपमान त्यांना झोंबला होता.

“म्हणजे बाहेर जी बंदूक आहे, ती कोणती?”

“सही केलीय ना मी.”

“तोंडाने सांगा.”

“गॅ,” कर्नल म्हणाले, आणि ठसका लागला. माळ्याने पुढे होऊन पाण्याचा ग्लास दिला. ते प्यायले, आणि ज्या आवाजात माणूस दुसऱ्याच्या घरची वाईट बातमी सांगतो त्या आवाजात म्हणाले, “गॅटलिंग.”

“शाब्बास,” अधीक्षक म्हणाले.

 बाहेर आल्यावर माळ्याने कर्नलचा हात दोन्ही हातांत धरला, आणि करंगळीची पट्टी सैल झाली होती ती नीट बांधून दिली. घरी पत्नीने त्यांना न विचारता दुसऱ्यांदा चहा दिला. वकील मात्र जिन्यात म्हणाले, “दोन वाक्यं केली असणार तुम्ही.”

इथे हे प्रकरण संपायला हवं होतं. पण अधीक्षक उत्साही माणूस. एक प्रौढ नागरिक नळ्याबिळ्या मोजून आपल्यापुढे शेवटी गॅटलिंग म्हणाला, याचा त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी पाटी नवी करून घेतली. वेलबुट्टी तीच. मजकूर वाढला: ‘गॅटलिंग गन. कृपया चढू नये. बोट घालू नये. ओळख तज्ज्ञांनी पडताळलेली: कर्नल.’

कर्नलनी ती पाहिली त्या दिवशी ते जेवले नाहीत. बाग सोडून दुसरीकडे फिरायला जायचं त्यांनी ठरवलं. पण माळी रोज फाटकाशी वाट बघायचा आणि खोपटामागचं एखादं फूल हातात ठेवायचा, त्यामुळे तेही जमेना. मग ते त्या बंदुकीसमोरून जाताना मान दुसरीकडे वळवून जायला लागले.

अशाच एका सकाळी बंदुकीपाशी एक अनोळखी म्हातारा उभा दिसला. हातात छत्री, पाठीला पोक. तो वाकून नळ्या न्याहाळत होता, दांड्याच्या खुंटावर बोट फिरवत होता, आणि स्वतःशीच पुटपुटत होता. कर्नलना चुकून त्याचं बोलणं ऐकू आलं.

“गॅटलिंग म्हणे! अहो, नळ्या फिरतात का हिच्या? ही धडधडीत गार्डनर आहे!”

कर्नलचे पाय जागच्या जागी रुतले. आयुष्यभर वही घेऊन ज्याला शोधलं, पाहुण्यांत, जावयात, शेजाऱ्यांत, तो माणूस हा! छातीत असं काही भरून आलं की त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं आणि दोन्ही हात पसरले.

म्हातारा वळला. रागाने थरथरत होता. “तुम्ही इथलेच ना? सांगा, तक्रार कुठे करायची? हे खोटं नाव मी एक दिवस राहू द्यायचा नाही. महापालिकेत जातो, आत्ताच्या आत्ता. म्हणावं, बागेत गार्डनर खोट्या नावाने उभी केलीय!”

पलीकडे वाफ्यात पाणी घालणाऱ्या माळ्याच्या हातातली झारी थांबली.

कर्नलनी पसरलेले हात खाली घेतले. सदरा नीट केला.

“कशाला जाता,” ते म्हणाले. “ती गॅटलिंगच आहे. मी स्वतः तपासलीय.”

“तुम्ही?” म्हाताऱ्याने पाटीकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. “म्हणजे ते कर्नल तुम्ही?”

“हो, मीच.”

“नळ्या किती असतात हो गॅटलिंगला?”

कर्नलनी मान दुसरीकडे वळवली. “दोन,” ते म्हणाले. “कधी कधी.”

म्हाताऱ्याने त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. “ओ का ठो कळत नाही,” तो म्हणाला, “आणि वर पाटीवर नाव! तुमच्यासारख्यांच्या नादी कोण लागणार? तक्रार करूनही काही उपयोग नाही.” आणि छत्री आपटत तो फाटकाबाहेर निघून गेला.

कर्नल त्याच्या पाठमोऱ्या पोकाकडे बघत उभे राहिले. त्या माणसाचा शब्दन् शब्द खरा होता. धावत जाऊन त्याला हे सांगावं, घरी नेऊन वही दाखवावी, असं त्यांना इतकं वाटलं की मुठी आवळल्या गेल्या. मागे वाफ्यात पाणी पुन्हा पडायला लागल्याचा आवाज आला, आणि मग ते घरी निघाले, इतके संतापलेले की वाटेत भेटलेल्या औषधवाल्याने विचारलं, “काय कर्नल, आता कोणाशी वाजलं?”

“एका विद्वान माणसाशी,” कर्नल ओरडले. “आणि खबरदार त्याला कोणी नावं ठेवलीत तर!”